एकवीस सत्कृत्ये

सबमिशनचा आठवडा म्हणजे काय असतो हे या मासिकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. रात्रीचे दोन, होस्टेलच्या आमच्या विंगमध्ये ट्यूबलाइट चालू, चार जण जमिनीवर पालथे पडलेले आणि मधोमध कुणाचं तरी एकच पूर्ण झालेलं जर्नल... मागच्या सेमिस्टरला त्या चौघांत मीही होतो. एका प्रॅक्टिकलची रीडिंग्ज आमच्या बॅचने घेतलीच नव्हती, कारण त्या दिवशी लाइट गेले होते. मग काय, ग्राफ आधी काढायचा आणि त्यावरून रीडिंग्ज 'आणायची'! सगळी रेषेवर बसवायची नाहीत, दोन-तीन मुद्दाम थोडी चुकवायची, म्हणजे खरी वाटतात. हे मी इतक्या सफाईने करत होतो की रूममेट म्हणाला, "अबे, हे शिकला कुठे तू?"

"स्काउटमध्ये," मी म्हणालो.

सगळे हसले. मीही हसलो. पण उत्तर खरं होतं, आणि म्हणूनच हा लेख.

आधी एक कबुली. दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये होतो. मराठी बोलतो ती घरची आणि नागपूरच्या रस्त्यावरची, लिहायची सवय नाही. 'सत्कृत्ये' हा शब्द मी तीनदा लिहून बघितला. ऱ्हस्व-दीर्घाचं काय ते संपादक मंडळाने बघून घ्यावं.

तर २०१६ साल, मी सहावीत. शाळेत स्काउट घेतलं ते देशसेवेसाठी वगैरे नाही. कराटेची फी जास्त होती आणि स्काउटचा गणवेश जबरदस्त होता. स्टील ग्रे शर्ट, नेव्ही ब्लू पँट, गळ्यात स्कार्फ आणि तो अडकवायला वॉगल. भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये एकदम वरचा बिल्ला मिळत नाही. आधी 'प्रवेश', मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि सगळ्यात शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. सोपान म्हणजे पायरी, हे मला आईने सांगितलं. तोपर्यंत मला ते कुणा सोपानरावांच्या स्मरणार्थ आहे असंच वाटत होतं!

'प्रवेश' जुलैतच पार पडला होता. वचन, नियम, प्रार्थना, झेंडे, डाव्या हाताने हस्तांदोलन, तीन बोटांचा सॅल्यूट (तीन बोटं म्हणजे वचनाचे तीन भाग). जागतिक स्काउट ध्वजावर दोन तारे असतात, त्यांची टोकं मिळून दहा, कारण मुळात स्काउटचे नियम दहा होते. आपल्याकडे नियम नऊ. मी सरांना विचारलं, "मग एक कुठे गेला?" सर म्हणाले, "खाली बस." असो. त्या नऊ नियमांत पहिला नियम विश्वासाचा. स्काउटच्या शब्दावर कुणीही डोळे मिटून भरवसा ठेवावा, असा त्याचा अर्थ. तो मला इंग्रजी, हिंदी आणि मराठी, तिन्ही भाषांत पाठ होता.

प्रथम सोपानची परीक्षा दिवाळीच्या सुट्टीनंतर होती. तयारी भरपूर होती. गाठी, स्लिंग आणि बँडेज, खडू-दगडांनी करायच्या मागकाढणीच्या खुणा, बेडन-पॉवेलचे सहा व्यायाम. तोंडीसाठी इतिहास. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन झालेलं पहिलं शिबिर, १९०८ सालचं बेडन-पॉवेलचं पुस्तक. भारतात स्काउटिंग आलं १९०९ मध्ये, पण ते साहेबांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना त्यात घेत नसत! मग मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीतर्फे १९१८ मध्ये आपली वेगळी स्काउट संघटना काढली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स झाली. हे अजून पाठ आहे, काय करणार.

आणि या सगळ्यावर आमच्या सरांची खास अट. सुट्टीचे २१ दिवस रोज एक सत्कृत्य करायचं आणि रात्री तारीख घालून डायरीत लिहायचं. "डायरी नसेल तर गाठी बघणारच नाही," असं त्यांनी बजावलं होतं.

सुट्टीत आम्ही दरवर्षी आसगावला जायचो. माझ्या बाबांचं गाव. भंडारा जिल्हा, पवनी तालुका. नागपूरहून उमरेड, भिवापूर करत पवनी आणि तिथून पुढे. हा चौरासचा भाग, जिकडे बघाल तिकडे धानाच्या बांध्या. दिवाळीला हलका धान कापणीला आलेला असतो आणि गावात कुणालाच वेळ नसतो. काका पहाटेच शेतात, काकू दहा वाजता डबे घेऊन शेतात, आजी अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवून. मी मात्र माडीवर, हँडबुक समोर आणि आईच्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा हातात.

गाठी काही केल्या जमत नव्हत्या. चित्रात दोन टोकांना दोन रंग असतात, हातातली दोरी सगळी एकाच रंगाची! रीफ नॉट बांधायला जावं तर दुसरा वेढा उलटा पडायचा आणि भलतीच गाठ व्हायची. बोलाइनमध्ये ससा बिळातून बाहेर येतो, झाडाला वळसा घालतो, परत बिळात जातो, अशी गोष्ट सांगून शिकवतात. माझा ससा दर वेळी झाडालाच लटकायचा.

काकांकडे बरीच वर्षं कामाला असलेले एक गृहस्थ होते. त्यांना आम्ही सगळे मामाजी म्हणायचो. आपल्याकडे कुठल्याही मोठ्या माणसाला मामाजी म्हणतात, तसं. तेव्हा साठीच्या आसपास असतील. दुपारी जेवून ते गोठ्याच्या सावलीत बसायचे. तिथून माझी दोरीशी चाललेली झटापट त्यांनी बघितली असावी.

"का करून रायला बापू?"

"मामाजी, परीक्षा आहे. गाठींची."

"गाठीची परिक्षा?" त्यांना खरंच हसू आलं. "शाळेत?"

मी त्यांना हँडबुकातलं चित्र दाखवलं. त्यांनी पुस्तक आडवं-उभं करून बघितलं, बाजूला ठेवलं आणि माझ्या हातातली दोरीही काढून घेतली. "हे पयले फेक. हे घसरते." गोठ्यातून अंबाडीचा दोर आणला. पहिला धडा तिथेच झाला. नव्या माणसाने खरखरीत दोरावर शिकावं, बांधलेलं जागच्या जागी राहतं आणि आपली चूक दिसते.

पुढचे आठ-दहा दिवस रोज दुपारी अर्धा-पाऊण तास हा क्लास. मित्रांनो, इतकं वन-टू-वन कोचिंग मला नंतर जेईईच्या क्लासमध्येही मिळालं नाही! मामाजींना एकाही गाठीचं नाव माहीत नव्हतं, पण एकेक गाठ कशासाठी आहे हे ते दाखवायचे. बोलाइन म्हणजे गाईच्या गळ्यातलं दावं. हा फास आवळत नाही, म्हणजे जनावराने कितीही हिसका दिला तरी गळा आवळला जात नाही. क्लोव्ह हिच खुंट्यासाठी. पण पुस्तकात नसलेली गोष्ट त्यांनी सांगितली. गाय खुंट्याभोवती गोल फिरली की ही गाठ हळूहळू सैल पडते, म्हणून वर आणखी एक वेढा द्यायचा. जाड दोराला बारीक दोर जोडायचा तर शीट बेंड. हीच गाठ विणकर तुटलेला धागा जोडायला वापरतात. पवनीकडे हातमागाचं काम पूर्वी मोठं होतं, मामाजींनी ती गाठ लहानपणी तिथेच कुणाकडे तरी पाहिली होती. रीफ नॉट त्यांनी माझ्याच मनगटावर फडकं बांधून शिकवली. सपाट बसते, जखमेला टोचत नाही आणि सोडायला सोपी. "बांधता सगळ्याइलेच येते," ते म्हणायचे, "सोडता आली पायजे."

एकच गाठ त्यांना पटली नाही. शीपशँक. दोर न कापता आखूड करायची ही गाठ ताण असेपर्यंतच टिकते, ढिली सोडली की सुटते. "दोर लांब झाला तर गुंडारून ठेव ना बापू. याले गाठ कायले?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

एकदा एक बैल बिथरला. मामाजींनी पळत जाऊन कासऱ्याचे दोन वेढे बाभळीच्या खोडाला दिले आणि टोक नुसतं दोन बोटांत धरून उभे राहिले. बैल जागच्या जागी! फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये बेल्ट फ्रिक्शन आलं तेव्हा मला तो बैलच आठवला. घर्षणाचा गुणांक ०.३ धरा, दोन पूर्ण वेढे घाला, फॉर्म्युल्यात टाका... एका बाजूला एक किलोचा जोर लावला की दुसरीकडे ४३ किलोचा ओढा थोपतो. पेपरात हाच प्रश्न आला होता. सहा मार्क.

गाठी अशा झाल्या. डायरी कोरी होती.

सत्कृत्य करायला गावात जागा नव्हती असं नाही. उलट जिकडेतिकडे काम पडलं होतं. पण मला 'सत्कृत्य' म्हणजे रस्ता ओलांडणारा आंधळा म्हातारा, विहिरीत पडलेलं मांजर असलं काहीतरी वाटायचं. काकूला पाण्याची बादली उचलू लागणं यात कसलं आलंय सत्कृत्य? म्हणून तेही केलं नाही. दिवसभर मामाजींकडून गाठी, नाहीतर चुलत बहिणीबरोबर धुऱ्यावर दगडांचे बाण मांडून मागकाढणीचा खेळ. खेळ संपला की शेवटची खूण करायची, वर्तुळ आणि मधोमध टिंब. अर्थ असा की 'मी घरी गेलो'. (केनियात बेडन-पॉवेलची कबर आहे, तिच्यावरही हीच खूण कोरली आहे. पण हे मला फार नंतर कळलं.)

मग ८ नोव्हेंबर आला. रात्री आठ वाजता टीव्हीवर पंतप्रधान, आणि पाचशे-हजाराच्या नोटा बंद! शहरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गावात कापणी चालू, रोजच्या मजुरीचे चुकारे द्यायचे आणि घरात सगळ्या पाचशेच्याच नोटा. १० तारखेला बँका उघडल्या. काउंटरवर माणशी चार हजार रुपयांपर्यंत बदलून मिळत होते, सोबत ओळखपत्र आणि भरलेला फॉर्म. काकांनी पवनीहून येताना पाच-सहा कोरे फॉर्म आणून ठेवले होते.

त्याच दिवशी संध्याकाळी मामाजी अंगणात आले. एक फॉर्म आणि आधार कार्ड माझ्यापुढे धरलं. दिवाळीआधी त्यांनी बोकड विकला होता, त्याचे साडेतीन हजार घरात होते.

"बापू, तुले इंग्रजी येते. एवढा भरून दे."

मी म्हणालो, "हो मामाजी, देतो ना."

आधार कार्डावरचं नाव आणि नंबर हँडबुकाच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला, कार्ड परत दिलं. रात्री फॉर्म उघडला. नाव कळलं. मग पुढे एक तक्ता होता आणि त्यावर 'डिनॉमिनेशन' असा शब्द. मला त्याचा अर्थ माहीत नव्हता! चर्चमधल्या कुठल्यातरी संदर्भात तो शब्द शाळेत ऐकला होता. मामाजींचा चर्चशी काय संबंध ते कळेना. आणखीही दोन-तीन शब्द तसेच. काकांना विचारता आलं असतं. ते चार फुटांवर बसले होते. पण काका सगळ्या गावात सांगत फिरायचे, "आमचा पुतण्या कॉन्व्हेंटला आहे, फाडफाड इंग्रजी." आता मी कसा विचारणार? चुकीचा भरला आणि बँकेने परत पाठवलं तर? त्यापेक्षा उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीसारखा गाठींचा क्लास झाला. मामाजींनी विचारलं, "झाला का कागद?" मी म्हणालो, "रात्री करतो." त्यांनी मान हलवली आणि मला फिशरमन्स नॉट दाखवली, तळ्यावरचे ढिवर जाळ्याची दोरी जोडतात ती. १२ तारखेलाही तेच. त्या दिवशी त्यांनी विचारलंसुद्धा नाही. फक्त शिकवलं.

१३ तारखेला आम्ही नागपूरला परत आलो. १४ ला रात्री डायरी लिहायला हँडबुक उघडलं, तर त्यात घडी घातलेला तो फॉर्म. कोरा. माझ्या पोटात गोळा आला. पण शाळा उद्या होती आणि डायरीत एकवीस पानं भरायची होती.

तर, रीडिंग्ज आणायला मी त्या रात्री शिकलो. निळा पेन, काळा पेन, तीन दिवस पेन्सिल. एका पानावर चहाचा डाग पाडला. सगळीच सत्कृत्यं मोठी ठेवली नाहीत, नाहीतर खोटी वाटली असती. दोन दिवस मुद्दाम 'आज सत्कृत्य करण्यास विसरलो' असं लिहिलं! आजीचा चष्मा शोधून दिला, चिमण्यांना पाणी ठेवलं, रस्त्यातला काटा काढला. ११ नोव्हेंबरला काय लिहावं सुचेना. फॉर्म समोरच पडला होता. मी लिहिलं, "आज एका वृद्ध गृहस्थांना बँकेचा इंग्रजी फॉर्म भरून दिला. त्यांना खूप आनंद झाला."

परीक्षा शनिवारी झाली. गाठींमध्ये मी ट्रूपमध्ये पहिला. सरांनी डोळे मिटून बोलाइन बांधायला सांगितली, तीही बांधली. मग त्यांनी डायऱ्या चाळल्या. माझी चाळताना थांबले, सगळ्यांना गोल उभं केलं आणि ११ नोव्हेंबरचं पान मोठ्याने वाचून दाखवलं. देशात एवढी धावपळ चालली असताना आपल्यातल्या एकाला स्काउट म्हणजे काय ते कळलं, असं काहीतरी म्हणाले. टाळ्या! स्काउटची शिस्तीतली टाळी, एक-दोन-तीन. मी सॅल्यूट केला. तीन बोटं.

प्रथम सोपानचा बिल्ला आईने त्याच रात्री शर्टाच्या बाहीवर शिवला.

उन्हाळ्यात आसगावला गेलो तेव्हा काकू कशावरून तरी बोलता बोलता सांगून गेली. मामाजी तीन-चार दिवस फॉर्मची वाट बघत थांबले. मग पवनीला गेले. बँकेबाहेर बसलेल्या एका माणसाने पैसे घेऊन फॉर्म भरून दिला, पण नंबर येईपर्यंत कॅश संपली. दुसऱ्या दिवशी परत गेले. ऐन कापणीतले दोन दिवस. "आमाले तरी सांगाचं ना, ह्यायनं दिला असता भरून," काकू म्हणाली. काकांना ते का बोलले नाहीत ते मला तेव्हाही कळत होतं. त्यांनी ते काम मला दिलं होतं.

मामाजी भेटले. पहिला प्रश्न, "पास झाला का गाठीत?"

"हो मामाजी. पहिला आलो."

त्यांनी हे गोठ्यात, शेतात, पानठेल्यावर सगळ्यांना सांगितलं. बोलण्यासारखं माझ्याकडे काहीच उरलं नाही. स्काउट मी आठवीपर्यंत केलं, तृतीय सोपानपर्यंत पोचलो आणि दहावीचं कारण सांगून सोडलं. राज्य पुरस्काराच्या शिबिराला घरून पैसे भरायला तयार होते. मीच नको म्हणालो.

नऊ वर्षं ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. त्या सबमिशनच्या रात्री सगळे हसले आणि ग्राफवरचे माझे ते सुंदर ठिपके बघून मला एकदम मळमळल्यासारखं झालं. (जर्नल मात्र तसंच सबमिट केलं. या लेखात आता आणखी खोटं नको.)

पण या दिवाळीत आसगावला गेलो. हँडबुक सोबत नेलं. फॉर्म अजून त्यातच होता, घड्यांवर पिवळा पडलेला. मामाजी आता कामाला जात नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. घरासमोर बसून जुन्या पोत्यांच्या प्लॅस्टिकचे दोर वळतात. नायलॉनला नावं ठेवणारा माणूस! मी बसलो. त्यांनी दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं, पीळ द्यायला दोन माणसं लागतात.

पीळ देता देता मी सगळं सांगितलं. डायरीचं, टाळ्यांचं, सगळं. ते दोराकडेच बघत होते. मला वाटलं होतं, ते म्हणतील मले याद नाई.

"तीस रुपये घेतले होते त्यानं," ते म्हणाले. "आन दोन रोज गेले."

मी गप्प.

"मी म्हनलं, बापू लायना हाय, इसरला असन."

"विसरलो नव्हतो मामाजी. त्यात एक शब्द होता, तो मला येत नव्हता."

आता त्यांनी वर पाहिलं. "तुले इंग्रजी येत नोयतं?"

"तो शब्द नव्हता येत."

"कोनता?"

मी फॉर्म काढला, घडी उलगडली आणि त्या तक्त्यावर बोट ठेवलं. "डिनॉमिनेशन. म्हणजे कितीच्या किती नोटा, ते लिहायचं."

"पाचशेच्या सात," मामाजी म्हणाले.